नव्याचा घास

लग्न करून मुळशीला आले तेव्हा मला अकरा माणसांचा स्वयंपाक येत होता, दोघांचा येत नव्हता. पुण्याला माहेरी आम्ही अकरा जण. आमटीत तांब्याभर पाणी कमीजास्त झालं तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. इथे एका शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या, समोर उतारावर भातखाचरं, त्यांच्या खाली धरणाचं पाणी, आणि खोल्यांत मी आणि हे. हे प्राथमिक शाळेत मास्तर. पहिले तीन महिने रोज भात उरायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे तो फोडणी घालून चाटूनपुसून संपवायचे. "अगं, मूठ तुझी धर, आईची नको," असं म्हणून हसायचे. मला राग यायचा. मला तेव्हा कशाचाही राग यायचा.

हे खाण्याचे शौकीन. पौडच्या आठवडी बाजाराला आम्ही एसटीनं जायचो. मी आठवड्याचा बेत मनाशी ठरवून जायची. सोमवारी वांगं, मंगळवारी मटकी, असा. आणि हे पहिल्याच टोपलीपाशी बसकण मारून माझा बेत मोडायचे. काटेरी देठाची वांगी एकेक उचलून बघायची, बाईशी तिच्या शेतावर गप्पा मारायच्या, आणि दोघांना पुरतील त्याच्या दुप्पट घ्यायची. परत येताना पिशवी माझ्या मांडीवर. कुरकुर करायची मी, पण घरी येऊन ती वांगी भरताना मला बरं वाटायचं हेही खरं.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात ह्यांना ताप आला. चार दिवस उतरेना, तेव्हा पौडचे डॉक्टर आले. नाडी बघितली, जीभ बघितली, पोट दाबलं आणि म्हणाले, "मुदतीचा आहे." मुदतीचा ताप म्हणजे विषमज्वर. माहेरी आमच्या शेजारचा एक मुलगा त्यातच गेला होता. पुढे महिनाभर तो माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

तीन आठवड्यांनी ताप उतरला. मी देवाला हात जोडले आणि डॉक्टरांना विचारलं, आता काय खायला घालू? डॉक्टरांनी मला ओसरीवर नेलं.

"ताप गेला म्हणून हुरळून जाऊ नका बाई. खरी भीती आता आहे. त्यांचं आतडं आत्ता ओल्या कागदासारखं झालंय. दहा दिवस नुसतं पातळ. पेजेचं पाणी, मुगाच्या कढणाचं पाणी, तेही कापडातून गाळून. भाताचं एक शीतसुद्धा पोटात जाता कामा नये. हा माणूस भुकेनं रडेल, पाया पडेल, तरी द्यायचं नाही."

"आणि चुकून गेलं तर?"

"पोट फळीसारखं घट्ट होईल, दरदरून घाम सुटेल. तसं झालं तर माझी वाट बघू नका, सरळ पुण्याला न्या."

पुण्याला जाणारी एसटी दिवसातून एकदा, सकाळी. हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं, मलाही.

त्या दिवसापासून मी आमच्या दोघांच्या स्वयंपाकाला भ्यायला लागले. मूठभर तांदूळ धुवायची, भरपूर पाण्यात शिजवायची, पंच्यातून गाळायची. मग ती वाटी दाराशी उजेडात धरून तिरकी करायची, शीत आहे का बघायची. परत गाळायची. परत उजेडात धरायची. एकदा तळाशी पांढरं काहीतरी दिसलं आणि हातातून वाटीच सुटली. बघितलं तर पंच्याचा धागा होता. सगळी पेज जमिनीत मुरली आणि मी तिथेच बसून रडले.

भूक म्हणजे काय ते मी त्या दिवसांत पाहिलं. इतका शहाणा, शांत माणूस, पण दुसऱ्या दिवशी मी माझ्यासाठी पिठल्याला फोडणी दिली तर आतून हुंदका ऐकू आला. "एवढी वैरीण कधी झालीस गं?" असं म्हणाले. मी पिठलं घरमालकिणीच्या गुरांपुढे ठेवलं आणि ठरवलं, ह्या घरात आता फोडणी नाही. पंच्यात उरलेला चोथा मी मीठ लावून मागच्या दारी उभ्यानं खायची. एकाच भातातलं पाणी त्यांना आणि चोथा मला. दोघांच्या स्वयंपाकाचं माप मला अखेर जमलं ते असं.

घरमालकिणीला मी मामी म्हणायची. मोठ्या मनाची बाई, पण आमचं हे गाळणं तिला बघवायचं नाही. "आवं मास्तरीणबाई, आजारातनं उठल्याल्या मानसाला असं पान्यावर ठिवत्यात व्हय? अंगात ताकद कुटनं यायची?" मी तिला ओला कागद, आतडं, सगळं समजावलं. ती मान हलवायची. पण तिच्या डोळ्यांत मला दिसायचं, की पुण्याची ही पोर नवऱ्याला उपाशी मारणार. तिला घाबरून मी डब्यांचं फडताळ कुलूपबंद केलं. खरं तर ह्यांनाच घाबरून. हे भिंतीला धरून चार पावलं टाकायला लागले होते.

सातव्या दिवशी आश्विनातली पुनव होती, नव्याची. मामीच्या शेतातलं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात तेव्हा तयार झालेलं असे. त्या दिवशी त्याचे नवे तांदूळ दुधागुळात शिजवायचे, देवाला दाखवायचे, गाईला द्यायचे, आणि मग घरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला तो घास लागायचा. एकही माणूस वगळायचा नाही. वगळलं किंवा कुणी टाकलं, तर पुढच्या वर्षी शेत रुसतं, असं ते लोक मानायचे. हे मला मागच्या वर्षीपासून माहीत होतं. मी त्या दिवशी ते विसरले. चूक कुणाची म्हणाल तर माझी.

दुपारी ह्यांना झोप लागली म्हणून मी धुणं घेऊन पाण्यावर गेले. परत येताना अंगणातच शिजलेल्या नव्या तांदळाचा वास आला आणि माझे पाय थबकले. धावत खोलीत गेले. हे उशीला टेकून बसले होते. खाटेशेजारी मामीची काशाची वाटी. रिकामी. कडेला एक पांढरं शीत चिकटलेलं.

"काय खाल्लंत?"

हे काही बोलायच्या आत मामी दारात आली. वाटी न्यायला आली होती. तोंडभर हसून म्हणाली, "आज नवं हाय न्हवं? मास्तर काय परकं हायेत व्हय? पैला घास म्या माझ्या हातानं भरवला. मंग माज्या म्हाताऱ्या सासूला द्याया गेले तवर मास्तरांनी पुसून वाटी रिकामी केली बगा."

मी काय ओरडले ते मला आज आठवत नाही. मामी सांगायची की मी तिला "माझा नवरा मारलास" असं म्हणाले. म्हटलंही असेल. तिचा चेहरा उतरला. मग मी पुन्हा एकदा ओला कागद सांगितला, आणि या वेळी तिला तो समजला. ती मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

तिच्या मालकांनी बैलगाडी जुंपली. पण ते माझ्यापेक्षा शहाणे निघाले. "लगीच न्हाई निगायचं. रस्त्याला ह्ये एवढं दगड. हादऱ्यानं नसलं फुटायचं तर फुटंल. पोट दुकाया लागलं की निगू. बैलं जुपून ठिवतो." आणि खरंच अंगणात बैल जुंपलेले उभे राहिले. त्यांनी मान हलवली की घुंगरं वाजत. प्रत्येक वेळी मला वाटे, आता निघायची वेळ झाली.

मी ह्यांच्या पोटावर हात ठेवून बसले. ते घट्ट आहे की माझेच हात गार पडलेत ते कळेना. दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावून बघायची, घाम आहे का. घाम होता, पण तो माझ्या तळव्याचा. मामी पायथ्याशी बसलेली. मी तिला दोनदा जा म्हटलं. ती हलेना. "म्या केलं, म्या हितनं न्हाई उटायची." हे गप्प. इतके गप्प की त्यामुळेच मी जास्त घाबरले. एकदा त्यांचे डोळे वर गेल्यासारखे झाले, मी किंचाळले. थोड्या वेळानं परत तसंच. मामीनं देवाचा अंगारा आणून त्यांच्या कपाळाला लावला, माझ्याही लावला.

मी मनात पुण्याचा रस्ता चालून बघत होते. पौड, मग पिरंगुट, मग घाट. घाटात गाडी किती हळू चालते. आईला काय सांगायचं? मला विसावं लागलं होतं. माझं कुंकू मामीच्या वाटीत बुडालं, असं काहीतरी वेड्यासारखं मनात येत होतं. आणि त्यातच एक लाज वाटेल असा विचार होता, की सात दिवस मी गाळत बसले नसते, पोटभर रडू दिलं असतं, एखादी भाकरी दिली असती, तर निदान वैरीण म्हणून तरी राहिले नसते.

सूर्य डोंगराआड गेला. बैल उभे राहून कंटाळले, पाय आपटायला लागले. मालकांनी बाहेरून मामीला हाक मारली, बैलांना वैरण टाकायची होती, दूधही काढायचं राहिलं होतं. मामी उठली. ह्यांच्या पायांना हात लावून बाहेर गेली.

"गेली?" हे म्हणाले. "दार लोटून घे."

मी दार लोटलं. हे खाटेवरून वाकले आणि खालचं राखेचं टमरेल पुढे सरकवलं. आजारात थुंकायला मी तिथे ठेवलं होतं. राखेत चावून चावून पिठूळ झालेला एक घास पडलेला होता. मग उशीखालून त्यांनी शाळेत न्यायचा रुमाल काढला. गाठ सोडली. आत उरलेला सगळा भात, गुळानं पिवळा झालेला, चेपून लाडवासारखा.

"गिळला नाही मी. एक कणही नाही."

मी जमिनीवर बसले. आणि मग संताप आला, असा संताप की आजारी माणसाला मारलं नाही हेच नवल. "तीन तास! तीन तास मी इथं मरतेय आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तिच्यासमोर कसा बोलू? नव्याचा घास थुंकलो म्हणून सांगू? पुढच्या वर्षी एक रोप वाळलं तरी तिच्या मनात हेच येईल. तुला खुणावलं की दोनदा डोळ्यांनी."

"मला वाटलं डोळे फिरवताय!"

ते हसायला लागले, पण हसण्याइतकी शक्ती नव्हती, नुसता दम लागला. मग हळू आवाजात म्हणाले, "तोंडात घेतला ना, तेव्हा गिळणारच होतो गं. चावत राहिलो. इतका गोड झाला होता. मग तू दाराशी वाटी उजेडात धरून बघतेस ते आठवलं. मी पडल्या पडल्या रोज बघतो. आणि जी भीती वाटली... तुला काय वाटतं, ह्या घरात तू एकटीच घाबरतेस?"

"हा तुझ्यासाठी ठेवलाय," रुमाल पुढे करत ते म्हणाले. "चोथा खातेस मागच्या दारी, ते मला ऐकू येतं. भांड्याला चमचा लागतो. वैरीण म्हणालो ते..." तिथेच थांबले.

मामीला आम्ही कधीच काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन पोट मऊ आहे म्हणाले, आणि ती मरेपर्यंत गावाला सांगत राहिली, की मास्तर उठला तो माझ्या नव्यामुळं. आम्ही दोघं मान डोलवायचो.

पण त्या संध्याकाळी मी रुमाल घेऊन मागच्या दाराकडे निघाले, तर त्यांनी हाक मारली.

"इथंच खा. माझ्यासमोर."

"तुम्हाला त्रास होईल."

"होऊ दे. बस इथं."

मी खाटेच्या कडेला बसले आणि पहिला घास तोंडात घातला. ते माझ्याकडे बघत होते. मी चावायला लागले तसे त्यांचेही जबडे हळूहळू हलायला लागले, रिकामेच, माझ्या बरोबरीनं. मी घास गिळला, तेव्हा त्यांनीही आवंढा गिळला. अजून तीन दिवस जायचे होते. मी शेवटच्या शितापर्यंत सावकाश खाल्लं, दोघांचं.