गाड्यातली कोंबडी

मी शिकलो तो माझ्या आत्तीमुळं. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवऱ्यानं टाकल्यावर ती बेळगुंदीच्या पलीकडच्या आमच्या गावात परत आली आणि भावांकडं न राहता गावाच्या टोकाला, शिवेला लागून असलेल्या दोन खणांच्या घरात राहिली. घरामागच्या परड्यात कोंबड्या पाळल्या. माझी पुस्तकं, बसचा पास, कॉलेजची फी, सगळं तिच्या अंड्यांवर निघालं. आज मी निपाणीच्या एका शाळेत शिकवतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या वरच्या गल्लीत कोंबड्या मरायला लागल्या. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी पंख पसरून मान टाकायची. कारण कुणालाच माहीत नव्हतं आणि सांगत मात्र सगळेच होते. कुणी उन्हाचं सांगितलं, कुणी मोबाईलच्या टॉवरचं. एका शहाण्यानं तर कर्नाटक सरकार सीमेवरच्या मराठी गावांत मुद्दाम औषध फवारतं असंही सांगितलं. जनावरांचा दवाखाना शेजारच्या गावात आहे. एक मेलेली कोंबडी पिशवीत घालून तिथं न्यायला या विद्वानांपैकी कुणालाही सवड झाली नाही. गाडा ओढायला मात्र झाली.

रोगराई आली की आमच्याकडं मरगाई देवीचा गाडा निघतो. छोटासा लाकडी गाडा, त्यात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, नैवेद्य आणि एक जिवंत कोंबडी. वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडायचा आणि मागं वळून न बघता परत यायचं. रोग गाड्यात बसून गेला असं समजायचं. या चालीचा मला राग नाही. भ्यालेल्या माणसाला काहीतरी करावंसं वाटतंच. पण देवीला द्यायची ती कोंबडी धडधाकट असावी, एवढी तरी रीत आहे. वरच्या गल्लीनं मान लवलेली, डोळे मिटत चाललेली कोंबडी कुंकू लावून गाड्यात बांधली. बांधली तीही ढिली.

मागं बघायचं नसल्यामुळं ती सुटली ते कुणी बघितलं नाही. तिन्हीसांजेला कोंबडी खुराडं शोधते आणि शिवेजवळ घर एकच. आत्तीनं तिच्या डोक्यावरचं कुंकू बघितलं. देवीची कोंबडी दारातून हाकलायची नसते. म्हणून तिनं तिला दाणापाणी केलं आणि आपल्या कोंबड्यांबरोबर बांबूच्या डालग्याखाली झाकलं. सकाळी ती पाहुणी मेलेली होती. आठवडा उलटायच्या आत आत्तीचं परडं ओस पडलं.

मग वरच्या गल्लीला कारण सापडलं. रोग म्हणे आत्तीकडंच वस्तीला होता, देवीनं फक्त घर दाखवलं. बायका तिच्या दारावरून जाताना मुलांना पलीकडच्या अंगाला घ्यायला लागल्या. आत्ती खचली. घर बंद करून धाकट्या काकाच्या मागच्या खोलीत जाते, असं तिनं मला फोनवर सांगितलं. उभ्या जन्मात कुणाच्या ताटातलं न खाल्लेली बाई ती.

मी रविवारी गेलो. आधी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, कोंबड्यांचा मानमोडी रोग असेल, दुसरंही काही असेल, ताजी मेलेली कोंबडी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. दाखवायला आता एकही उरली नव्हती. तिथून गाडा काढण्यात पुढं असलेल्या आप्पांकडं गेलो. हे बेळगावात ऑफिसात नोकरी करून आता पेन्शन खातात आणि गल्लीला अक्कल वाटतात. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची मागवली, चहा सांगितला.

"तू लई शिकलास, तुला काय सांगायचं," ते म्हणाले. "पण देवीचं कोंबडं जिच्या दारात जातंय, तिच्यातच काय तरी असतंय रं."

ते कोंबडं कुणाच्या खुराड्यातलं होतं, एवढंच मी विचारलं.

"आमच्यातलंच की," आप्पा बशीत चहा ओतत म्हणाले. "ते तसंबी मरणारच होतं. चांगलं कोण देतंय गाड्यात?"

लाज नाही, संकोच नाही. वर हसले. माझा चहा तसाच ठेवून मी उठलो. शेवटची बस सुटायला आली होती, आत्तीकडं जाणं झालं नाही.

आत्तीशी फोनवर मोकळं बोलता येत नाही. फोन काकाचा, आणि तो कायम स्पीकरवर असतो. ती चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचते. म्हणून निपाणीला आल्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं:

"तीर्थरूप आत्तीस, नमस्कार.

कोंबड्या कशानं मेल्या ते मला कळलेलं नाही, डॉक्टरांनाही नाही. पण गाड्यातली कोंबडी कुणाची होती ते कळलं. आप्पांची. मरणारच होती म्हणून त्यांनी ती देवीला दिली. तू देवीची म्हणून तिला दाणे घातलेस. मान खाली कुणी घालायची ते आता तूच ठरव.

घर बंद करू नको. काकाच्या खोलीत जाऊ नको. परडं काही दिवस मोकळं ठेव, चुना मार, डालगी उन्हात टाक. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. महिन्याभरानं मी येतो, लस दिलेल्या, अंड्यावर यायला झालेल्या तलंगा घेऊन येतो.

आणि गाडा पुन्हा निघाला, कोंबडी पुन्हा तुझ्या दारात आली, तर हाकलू नको. उचलून आप्पांच्या सोप्यात नेऊन ठेव. देवीची आहे म्हणावं. नको म्हणायची त्यांची छाती व्हायची न्हाय."