सुटी झालेली अक्षरं

पेंटरमामांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दोरी न लावता शिरोरेषा ओढायचे, आणि ती सुतासारखी सरळ यायची.

एका सकाळी चष्म्याच्या दुकानाची पाटी अर्धी झाली असताना ते शिडीवरून खाली उतरले. अक्षरं जागेवर राहत नाहीत, म्हणाले. दुकानदाराने त्यांना तीन-चार चष्मे लावून पाहिले. दवाखान्यात कळलं की मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. हातपाय, बोलणं शाबूत होतं. वाचणं तेवढं गेलं. हात लिहायचा, पण लिहिलेलं त्यांचं त्यांनाच वाचता येत नव्हतं.

मामी रोज वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसायच्या. मामांना काना दिसायचा, वेलांटी दिसायची; त्यांचा मिळून शब्द काही होत नसे. मामींना वाटायचं, हे मन लावत नाहीत. त्यावरून खटके उडायचे. चार महिन्यांनी मामांनी वाचायचा नाद सोडला.

मग मामांनी माळ्यावरून एक जुना पत्रा काढला आणि दोन दिवस रंगवत बसले. तुटकी शिरोरेषा, लोंबकळणारे उकार, आडवी झालेली मात्रा, कशावरच न टेकलेली टिंबं.

"हे काय लिहिलंय?" मामींनी विचारलं.

"लिहिलं नाही. मला दिसतं तसं काढलंय."

मामी पदराला हात पुसत बराच वेळ पाहत राहिल्या. "सगळंच असं हलतं?"

"सगळंच."

त्यानंतर मामींनी वाचायचा आग्रह कधी धरला नाही.

तो पत्रा डॉक्टरांनी मागून नेला आणि बाहेरच्या खोलीत, पेशंट बसतात तिथे लावला. मामा तपासणीला गेले की बाकावर बसून लोकांचं ऐकायचे. शिंप्याला त्यात कात्री दिसली. एका बाईंना घर बदलतानाचा पसारा दिसला. त्यावरून दोघांची जुंपली. शिंप्याने मामांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मामा म्हणाले, दोघांचंही बरोबर असेल. चित्र आपलं आहे, हे त्यांनी सांगितलं नाही.

वाचणं परत आलं नाही. मामांनी आणखी सहा वर्षं चित्रं काढली. सव्वीस पत्रे झाले. प्रत्येकाच्या पाठीवर मामी तारीख घालायच्या आणि वरची बाजू कुठली ते विचारून बाण काढायच्या. मामांचं मत पुष्कळदा बदले. मग मामी पहिला बाण न खोडता त्याच्या शेजारी दुसरा काढायच्या.