गेरूचं वर्तुळ

मला नाटकाचं वेड होतं आणि सरकारने नेमलं इतिहास शिकवायला. आता त्यात माझा काय दोष? धुळ्यापासून बारा मैलांवरच्या गावातली मराठी शाळा, सातवीचा वर्ग आणि ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली तेवीस वर्षांची मी. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. माझ्या वर्गात तोवर दोन लढाया, एक तह आणि एक राज्याभिषेक होऊन गेला होता. दुसऱ्या लढाईत पिण्याच्या पाण्याचा माठ कामी आला. हेडमास्तर म्हणाले, "बाई, पुढचा धडा जरा बसून शिकवा."

पुढचा धडा प्लेगचा. पुस्तकात त्याला जेमतेम दीड ओळ. मी बसतेय होय! चिठ्ठ्या टाकल्या. कुणी रोगी, कुणी डॉक्टर, कुणी सरकारी तपासनीस. तपासनिसाने काखेत गाठ चाचपायची, सापडली की बाकावर, म्हणजे त्याच्या घरावर, गेरूचं वर्तुळ काढायचं. मग रोग्याने गाडीत, म्हणजे उलट्या टेबलात, बसून गावाबाहेरच्या छावणीत जायचं. पोरं हसून लोळली. सगळ्यांत पक्की तपासनीस निघाली एका कापूस पिकवणाऱ्या घरातली मुलगी. कपाळाला आठ्या घालून ती अशी चाचपायची की रोग्याला खरोखर ताप भरावा.

शाळा सुटताना मला आणखी एक झकास कल्पना सुचली. "उद्या सकाळी आपापल्या दाराशेजारी भिंतीवर असंच वर्तुळ काढा. घरातली म्हातारी माणसं काय बोलतात ते ऐका आणि वर्गात येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी शाळेला निघाले तर ओट्यांवर चिटपाखरू नाही. चुन्याच्या पांढऱ्या भिंतींवर लाल वर्तुळं, एकामागून एक, काही तर परातीएवढी. म्हातारी माणसं काही बोललीच नव्हती. त्यांनी गाड्या जुंपल्या होत्या. धान्याची पोती, भांडी, गोधडीत गुंडाळलेली लेकरं घेऊन गाड्या शेतांकडे चालल्या होत्या, आणि एकाही बैलाच्या गळ्यात घुंगरू वाजत नव्हतं. सगळी काढून ठेवली होती. खरं सांगते, क्षणभर मला आनंदच झाला. असा प्रेक्षक कुणाला मिळतो?

"नाना, कुठे निघालात?" मी एका म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघून उपरण्याने नाक झाकलं.

तेवढ्यात माझी ती तपासनीस अनवाणी धावत आली. "बाई, चला! ताईला पहाटेपासून कळा येताहेत, अन् सुईण दारातून परत फिरली."

तिची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. गावात सुईण एकच. धुळ्याची एस.टी. दुपारी दोनला. मी धावले.

मुलींच्या आईने ओल्या फडक्याने वर्तुळ पुसायचा प्रयत्न केला होता. गेरू ओघळून उंबऱ्यापर्यंत आला होता आणि दार अधिकच भयंकर दिसत होतं. सुईण समोरच्या निंबाखाली, घराकडे पाठ करून बसली होती. अर्धं गाव तिच्या हातांवर जन्मलेलं, त्यामुळे ती कुणालाच अहोजाहो करत नसे.

"अक्का, हे मी काढायला सांगितलं. शाळेतला खेळ होता."

"तू सरकारनी बाई शे ना?"

"हो, पण..."

"तवयबी सरकारनाच मानसे वनात. काही नही शे, भिऊ नका, असंच सांगं तेसनी. आमना घरना बठ्ठा गाडीमा बसाडात. मी एकटी परत वनू." प्लेगात सरकारी माणसांनी 'भिऊ नका' म्हणत तिच्या घरातल्या सगळ्यांना गाडीत बसवून नेलं होतं; परत आली ती एकटी.

आतून किंकाळी आली. मी पदर डोळ्यांना लावला. माझं रडणं वर्गात हमखास चालायचं. म्हातारीने एक नजर टाकून दाराच्या आत बोट दाखवलं.

"नाटक नको करू. मजार जाय. तिन्या काखा देख, जांघ देख. गाठ नही शे असं तुना हात सांगी, तं मी ईसू."

माझ्या हातांनी खात्री दिली तरच ती आत येणार होती. खोलीत अंधार होता, एरंडेलाचा वास होता. ती पोर माझ्याहून चार वर्षांनी तरी लहान असेल. मी हात पुढे केला तसा तिने दंड अंगाशी गच्च आवळला.

"बाई, मला झालंय का? बाळाला पण झालंय?"

"काही नाही झालं, भिऊ नकोस," मी म्हणाले आणि माझीच मला भीती वाटली. बाहेर म्हातारीने ऐकवलेलं तेच वाक्य मी बोलले होते.

आईने तिचा हात जबरदस्तीने वर धरला. घामाने निथळणारी काख मी चाचपली. मग दुसरी. मग लुगडं सरकवलं. तिने डोळे मिटून तोंड भिंतीकडे फिरवलं. कळ आली तरी ती ओरडली नाही. माझा हात निघेपर्यंत श्वास धरून राहिली. आदल्या दिवशी, बाकांमधून फिरत, "अगं, नीट दाबून बघ," असं मीच ओरडून सांगत होते.

"गाठ नाही," मी बाहेर येऊन म्हणाले. सुईणीने माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, मग बराच वेळ माझा चेहरा. ती उठली, हातपाय धुतले आणि पदराने कानशील झाकून, भिंतीकडे न बघता आत गेली.

एस.टी.च्या वेळेआधी मुलगा झाला. आधी निळा, मुका. मग सुईणीने त्याला उलटा धरून असा काही फटका दिला की तो सगळ्या गल्लीवर रागावला.

संध्याकाळी गाड्या परतू लागल्या, पण दोन घरं आठ दिवस शेतातच राहिली. सातवीच्या वर्गाला घेऊन मी तीन दिवस भिंतींना चुना लावला. चुन्याचे दोन हात दिले तरी खालचा गेरू गुलाबी दिसत राहिला.

सहा महिन्यांनी आठवड्याच्या बाजारात ती थोरली बहीण मला भेटली, बाळ कडेवर. छान हसली, शाळेचं विचारलं, धाकटीला पुढे शिकवायचं म्हणाली. गुटगुटीत पोर पाहून मी त्याला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. ती बोलता बोलताच वळली आणि तिने बाळ पलीकडच्या कडेवर घेतलं.