चेहरा जुळेस्तोवर
हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आष्टीतल्या माझ्या फोटो स्टुडिओत जुना मॉनिटर होता. लाइट गेली-आली की त्याचे रंग बिघडायचे. रंग बराबर लावायचं यंत्र कॉम्प्युटरपेक्षाही महाग, म्हणून मी बायकोला मॉनिटरशेजारी बसवायचो आणि पडद्यावरचा तिचा फोटो तिच्या चेहऱ्याशी जुळेस्तोवर बटणं दाबत राहायचो. घनसावंगीला तिच्या धाकट्या बहिणीची हळद होती, त्या दिवशीही बसवलं. पत्र्याखाली तापलेल्या मॉनिटरचा वास कोंडला होता. "अवो, जीप निघून जाईल. मी काय मशीन हाय का तुमची?" "दोनच अल्बम राह्यले, मधीच लाइट गेली तर परत रंग जुळवाया लागतील. मंग जा." पडद्यावर अल्बममधल्या परक्या नवरीला हळद लागत होती, ती तिकडं बघत बसली, आणि शेवटची जीप गेली. खरं तर फोटो छापणाऱ्या लॅबवाल्यानं रंग जुळवायलाच दिलेला चेहऱ्यांचा नमुना-फोटो आठवड्यापासून माझ्या ड्रॉवरमध्ये होता. तो पडद्याशेजारी धरला असता तरी भागलं असतं. पण आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं, आणि माहेरी गेली तर ती परत यायची नाही, असं भ्या माझ्या मनात बसलं होतं. काल ड्रॉवर आवरताना तो फोटो हाताला लागला. ती हळद मी तिला परत देऊ शकत नाही. पण खरं काय ते सांगायचं देणं माझ्याकडं अजून बाकी आहे.