पाकिटं घेऊन या

मलेशियातल्या तेलुक इंतान गावच्या बाजाररस्त्यावर डॉक्टर यो यांचं क्लिनिक आहे आणि त्याच्या काउंटरवर गेली सव्वीस वर्षं परमेश्वरी अक्का. तमिळ, मलय, चिनी, सगळेच तिला अक्का म्हणतात आणि सगळेच तिच्या तोंडाला भितात. अक्काला वाटतं, आपण लोकांच्या भल्याचं बोलतो. लोकांना वाटतं, बाई उगाच खेकसते. दोन्ही खरं आहे.

तिचा वैताग समजण्यासारखा होता. आधी वेळ न ठरवता इथे येता येतं, एवढंच लोक लक्षात ठेवायचे. बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ओळखपत्र घरी राहिलेलं. कुठलं औषध सोसत नाही ते बायकोला ठाऊक, आणि बायको माहेरी. सोमवारी पामतेलाच्या गिरणीतली धडधाकट माणसं रांगेने आजारी पडायची. त्यांना औषध नको, रजेची चिठ्ठी हवी. गेल्या वर्षी तर एक गृहस्थ छातीत कळा येत असताना एकतिसावा नंबर धरून गुमान बसले होते. का बोलला नाहीत विचारलं, तर म्हणाले, "माझ्या आधी तीस जण होते ना." अशा वेळी इथे यायचंच नसतं, सरळ हॉस्पिटल गाठायचं असतं, हे किती जणांना सांगायचं?

पण तिचा खरा राग पाकिटांवर. इथे प्रत्येक क्लिनिक आपल्याच काउंटरवरून गोळ्या देतं, प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात, वर क्लिनिकचं आणि औषधाचं नाव. असतील नसतील ती सगळी पाकिटं घेऊन या, असं अक्का रोज कानीकपाळी ओरडायची. लोक आणायचे नाहीत. आणलीच तर नावाची पट्टी कात्रीने उडवून. आपण दुसरीकडे गेलो हे कळलं तर या डॉक्टरांना वाईट वाटेल, म्हणून ही सभ्यता. त्या पट्टीबरोबर औषधाचं नावही जायचं, त्याचं कोणाला काही नाही.

त्या गुरुवारी देरामान आला. सत्तरी ओलांडलेला, उभा जन्म नदीवरच्या फेरीबोटीत काढलेला अबोल माणूस. आठवडाभर त्याला चक्कर येत होती.

"पाकचिक, गोळ्या आणल्यात?" अक्काने विचारलं. मलय म्हाताऱ्यांना ती पाकचिक, म्हणजे काका, म्हणायची.

"तुमच्याच आहेत, अक्का. त्याच चालू आहेत."

"दुसरीकडे कुठे गेला होतात?"

"छे."

"मागल्या खेपेलाही छे म्हणालात आणि खिशातून लाल गोळी निघाली. मी इथे माशा मारायला बसलेय का?"

बाकावरचे हसले. देरामानने टोपी सारखी केली, बारा नंबर घेतला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. बारा नंबर पुकारला तेव्हा तो उठला, दोन पावलं चालला आणि कोसळला.

डॉक्टर धावत बाहेर आले. त्याला तिथेच फरशीवर आडवं ठेवून पाय उशीवर घेतले. रक्तदाब मोजला तर वरचा आकडा जेमतेम ऐंशी. शर्टाच्या खिशातून दोन पाकिटं निघाली, दोन्हींची पट्टी कापलेली. एकात इथल्याच पांढऱ्या गोळ्या, दुसऱ्यात पिवळ्या. डॉक्टरांनी गोळ्यांवरचे शिक्के निरखून पाहिले. औषध एकच, रक्तदाब उतरवायचं, फक्त कंपन्या वेगळ्या. म्हातारा दोन्ही इमानेइतबारे घेत होता. डॉक्टर अँब्युलन्स बोलवायला फोनकडे गेले.

अक्का फरशीवर त्याच्याशेजारी बसली होती. त्याने डोळे उघडले तशी तिला भीतीपेक्षा रागच जास्त आला.

"विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? जिवावर बेतलं असतं ना."

"सांगणार होतो," देरामान हळू म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "पण तुम्ही परत सगळ्यांसमोर बोलला असता. समोरच्या क्लिनिकात गेलो तो त्यामुळेच. तिथली मुलगी काही विचारत नाही."

 अक्काला स्वतःची इतकी चीड आली की डोळे भरून आले. बाकावरचे सगळे माना लांबवून बघत होते. ती सरकली, त्यांच्याकडे पाठ केली आणि म्हाताऱ्याच्या तोंडाशी कान नेला.

"आणखी काही घेता, पाकचिक? मला एकटीला सांगा."

देरामानने तिच्या खांद्यावरून बाकाकडे पाहिलं. मग त्याने तिसऱ्या क्लिनिकचं नाव सांगितलं.