कुठं जाऊन राहिला होता?

मेश्रामकाका अपघाताच्या जागी पोचले की आधी बूट काढायचे. नागपूरचा मे महिना, डांबर नुसतं भाजणारं, आणि हा चाळिशीतला हेड कॉन्स्टेबल मोज्यांवर उभा. पंचनामा लिहून होऊन पंचांना मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत बूट पायात जायचे नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

"काका, पाय भाजतील की!"

"भाजू दे. कोनाचं तरी रक्त सांडलं हाय इथं. बूट घालून उभं राहू का मी?"

तेव्हा मी नुकतीच भरती झालेली शिपाई होते. अक्षर बरं म्हणून मला त्यांची रायटर केलं होतं. अकरा वर्षं ते मोजत गेले आणि मी लिहीत गेले. आमच्या ठाण्याच्या हद्दीत निम्म्याहून जास्त मरणं मोटारसायकलवरची. आम्ही पोचेपर्यंत गर्दीने निकाल लावलेला असायचा. मोठ्या गाडीची चूक, विषय संपला. ट्रकवाल्याची कॉलर तोवर फाटलेली असायची.

काका सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि कोणाचंच खरं धरायचे नाहीत. उकिडवे बसून रस्ता बघायचे. मडगार्डच्या आत साचलेली वाळकी माती धडकेबरोबर खाली झडते, तिचा ढीग शोधायचे; धडक नेमकी तिथेच झालेली असते. "मानूस घाबरते, काहीबी बोलते. माती जिथं पडाची तिथंच पडते." मग अंतर मोजायचं आणि माझ्याकडून लिहून घ्यायचं.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मग ते मेलेल्याच्या भावाजवळ नाहीतर बापाजवळ जायचे आणि हळूच विचारायचे, "कुठं जाऊन राहिला होता?" म्हणजे, कुठे निघाला होता. जे उत्तर मिळेल ते पंचनाम्यात. 'मयत हा बायकोच्या शिलाई मशीनचा पट्टा आणण्यास इतवारीत जात होता.' ठाण्याचे साहेब लाल पेनाने ती ओळ उडवायचे. "मेश्राम, चूक कोणाची तेवढं लिहा."

"साहेब, मराले कोनी घरून निघत नाही."

साहेब वैतागायचे, आणि पुढच्या पंचनाम्यात पुन्हा तशीच एक ओळ. मीही वैतागायचे, कारण पान नव्याने उतरवून काढायचं काम माझं. एकदा चिडून म्हटलं, "कापलीच जाणार आहे, तर सांगता कशाला?" ते म्हणाले, "तू लिव वं. कापाचं काम त्यांचं."

गेल्या मार्चमधली गोष्ट. काका सकाळी वाचायचा चष्मा घरी विसरून आले. माझ्यासमोरच त्यांनी मुलाला फोन केला. आशिष तेवीस वर्षांचा, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला, त्या दिवशी सुट्टीवर होता. "चष्मा राहिला गा. साहेब कागद मागून राहिले. जल्दी आन."

अर्ध्या तासात वर्धा रोडवरून खबर आली. मोटारसायकल आणि टेम्पो. जखमीला दवाखान्यात हलवलं होतं. आम्ही दोघं पोचलो. काका बूट काढायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. आडव्या पडलेल्या गाडीच्या टाकीवर काकांनीच हौसेने चिकटवलेलं निळं स्टिकर होतं. पलीकडे लोक टेम्पोवाल्याला मारत होते. काकांची नजर डांबरावर गेली. माझीही गेली. माती रस्त्याच्या टेम्पोवाल्या बाजूला पडली होती. डिव्हायडरमधली वळायची जागा फार पुढे, म्हणून पोरं उलट्या बाजूने गाडी घालतात. आशिषनेही तेच केलं होतं.

आशिष दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला होता.

पंचनामा साहेबांनी स्वतः केला. "चूक टेम्पोवरच घेऊ. मेश्रामच्या घरचं मरण आहे ते," एवढंच म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. मी लिहिलं, आणि माती लिहिली नाही. मला ते पुण्याचं काम वाटलं, खोटं कशाला बोलू?

टेम्पोवाल्याला जामीन मिळाला, पण तो रोज डोक्याला पट्टी बांधून ठाण्याबाहेर येऊन बसायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "साब, मैं अपनी साइड से था." कोणी ऐकत नव्हतं. त्याला तुरुंग दिसत होता. बारा दिवसांनी काका जबाब द्यायला आले. दाराशी त्याच्यापाशी थांबले. आत येऊन माझ्यासमोर बसले.

"माती लिवली का तू?"

मी मान खाली घातली. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"लिव आता. मयत उलट्या बाजूनं आला. टेम्पो आपल्या बाजूनं होता. माती मी सोता पाह्यली."

साहेब खुर्चीतून उठले. "मेश्राम, घरी काय सांगाल?"

"जे हाय ते सांगन, साहेब. त्याची माय बोलनार नाही माह्याशी. नोको बोलू."

मी लिहिलं. वाटलं, संपलं. पण काका उठेनात.

"विचार ना वं."

"काय, काका?"

"सगळ्याइले विचारतो ना आपन. मले काहून नाही विचारत?"

अकरा वर्षांत मला तो प्रश्न कधी तोंडाने विचारावा लागला नव्हता. शेवटी विचारलं, "कुठं जाऊन राहिला होता?"

"बापाचा चष्मा घेऊन जाऊन राहिला होता. बापानं जल्दी आन म्हटलं होतं." मग म्हणाले, "असंच लिव. फोन माहा होता."

साहेबांनी लाल पेन उचललं, बराच वेळ हातात धरलं आणि टोपण लावून खिशात ठेवलं.

जबाब वाचून दाखवायचा होता. काका वाकले, एक एक करून दोन्ही बूट काढले आणि ठाण्याच्या फरशीवर मोज्यांवर उभे राहिले. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आशिषच्या खिशातला चष्मा फुटला नव्हता, पण तो जप्तीच्या मुद्देमालात पडून होता, आणि त्याशिवाय काकांना कागदावरचं दिसत नव्हतं. मी बोट ठेवलं, तिथे त्यांनी सही केली.