पंप ओरडते कावून

केमिकल इंजिनिअरिंगची डिग्री हातात आली, त्या उन्हाळ्यात माझा पहिला इंटरव्ह्यू दुर्गजवळच्या एका लहानशा कंपनीत झाला. सगळं ठीक चाललं होतं. मग समोरच्या वयस्कर साहेबांनी विचारलं, "पंप खडखडायला लागला, तर काय समजशील?" मी धडाधड व्याख्या सांगितली, समीकरणही मांडलं. ते शांतपणे म्हणाले, "तो आवाज कधी ऐकला आहेस?"

"नाही, सर."

मी मरोद्याला घरी आले तेव्हा डोळे भरलेले होते. बाबा अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होते. स्टील प्लांटात जिथे कोळशाच्या गॅसमधून डांबर आणि अमोनिया काढतात, तिथे त्यांनी आयुष्यभर ऑपरेटर म्हणून नोकरी केली. चार वर्षं मी पंप शिकले, पण बाबांना कधी एक शब्द विचारला नव्हता. दहावी शिकलेल्या माणसाला काय विचारायचं, असं आत कुठेतरी वाटत असावं. हे लिहितानाही लाज वाटते.

बाबांनी सगळं ऐकलं. आतून स्टीलचा डबा आणला, त्यात मूठभर गिट्टीचे खडे टाकले आणि माझ्या कानाजवळ खुळखुळवला. "असा आवाज येते. आला का पहिले टाकीची लेव्हल पाहजो. मंग पंपाच्या आधीची जाळी. कचरा अडकला असते. पंप खोलाची घाई नोको करू."

मी मान हलवली. मग ते संकोचून म्हणाले, "पण पोरी, पंप असा ओरडते कावून, हे मले कोणी सांगतलंच नाही."

मी पायरीवर बसले आणि सांगू लागले. पंपाच्या तोंडाशी दाब फार उतरला, की आतलं पाणी थंड असूनही उकळतं. त्याचे बुडबुडे पुढे जाऊन फुटतात आणि त्यांचा तडाखा लोखंडावर बसतो, तोच हा आवाज.

"गरम न करता उकळते?"

"हो, बाबा."

त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. कूलर भरून पाणी अंगणात वाहू लागलं, तरी नळ बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले. "अवं, आयकतं का," आईला सांगत होते, "बुडबुडे असते ते!"

ती नोकरी मला मिळाली नाही. दोन महिन्यांनी दुसरीकडे लागले. तोवर रोज सकाळी चहा घेताना बाबा नवा प्रश्न काढत, आणि उत्तर कळेपर्यंत कप हातात तसाच धरून बसत.